कशाला दारू म्हणायचे, हे ठरवायचे कोणी?

ताडावरून पहाटे उतरवलेला रस गोड असतो. तो नीरा. तोच रस मडक्यात उन्हाला राहिला की नऊ-दहाच्या सुमारास फेस धरू लागतो, त्याला आंबूस वास येतो, आणि दुपारपर्यंत त्याची ताडी झालेली असते. ताडीला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाने नाव घेऊन दारूत मोजले आहे. नीरेची व्याख्या वेगळी आहे: आंबू नये म्हणून ठरवून दिलेली प्रक्रिया केलेला, न आंबलेला रस. झाड तेच, मडके तेच, माणूसही तोच. मधल्या चार-पाच तासांत केव्हा तरी गुन्हा घडतो. तो नेमका केव्हा घडला हे कोणी आणि कशावरून ठरवायचे, या प्रश्नाभोवती माझी पालघरच्या कोर्टातली वकिली बरीच फिरली आहे.

एक प्रकरण सांगते. आमच्या किनारपट्टीवरचा एक म्हातारा, नीरेचा परवाना असलेला. मडक्याला आतून चुना लावून तो रस उतरवायचा, कारण चुन्याने आंबण्याची क्रिया रोखली जाते. एका सकाळी रस्त्यावर त्याचा कॅन अडवला. पंचनाम्यात लिहिले, ‘उग्र आंबूस वासाचा पांढरट द्रव, अंदाजे २० लिटर’. बाटलीत नमुना भरला, लाखेचे सील केले, बाकीचा रस जागेवर ओतून टाकला. नमुना कालिन्याच्या प्रयोगशाळेकडे निघाला तो बऱ्याच दिवसांनी, आणि अहवाल आला की त्यात अल्कोहोल आहे. म्हातारा मला म्हणाला, “ताई, बाटलीत भरून ठेवला तर तो आंबणारच ना? माझ्या कॅनमध्ये काय होतं ते कुणी बघितलं?”

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. रसात साखर असते, हवेतले आणि मडक्यातले यीस्ट त्यात येते, आणि लाखेचे सील यीस्टला थांबवत नाही. अहवाल सांगतो ती प्रयोगशाळेत बाटली उघडली त्या दिवसाची स्थिती. कॅन पकडला त्या वेळचा पुरावा म्हणून उरते एका माणसाचे नाक. काही वर्षांनी तो सुटला. पण त्या काळात त्याने ताडावर चढणे सोडले, आणि मुलाने ते शिकून घेतले नाही.

आता याच कायद्याची दुसरी बाजू पाहा. माणूस दारू प्यायला होता की नाही हे पूर्वी असेच ठरायचे: तोंडाला वास, डोळे लाल, चाल अडखळती. तोंडाला वास तर खोकल्याच्या औषधानेही येतो. १९५९ साली मुंबई राज्याच्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली आणि तिथे एक आकडा बसवला. रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल निघाले तरच, आपण प्यायलो ते औषध होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर जाते. रक्त कसे काढायचे याचे नियमही त्याच वर्षी झाले. सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायची. कातडी पुसायला स्पिरिटचा बोळा वापरायचा नाही. रक्त काढताना अल्कोहोलचा स्पर्शच होऊ द्यायचा नाही. निदान पाच सीसी रक्त घ्यायचे. ज्या कुपीत ते भरायचे तिच्यात रक्त गोठू नये आणि टिकावे म्हणून रसायन हवे. यातला एखादा तपशील डॉक्टरच्या जबानीत आला नाही म्हणून खटले कोसळलेले आहेत, आणि ते कोसळले यात मला गैर वाटत नाही. माणसाला तुरुंगात पाठवायचे तर एवढी काळजी घ्यायलाच हवी. रक्तासाठी ती घेतली गेली. म्हाताऱ्याच्या नीरेच्या बाटलीत मात्र कोणी टिकाऊ रसायन घातले नाही.

दारूचा कायदा राबवणारा अधिकारी त्याचा अर्थही लावत असतो. तो त्याने लावूच नये असे कोणी म्हणत नाही, कारण कायद्यात प्रत्येक बाटलीचे नाव लिहिता येत नाही. प्रश्न आहे तो त्या अर्थाला कुंपण कोण घालणार, हा. आपल्या भागाला हा प्रश्न फार जुना आहे. १८७८ च्या अबकारी कायद्याने इंग्रजांनी ताडाच्या झाडांवरचा कर आणि दारू गाळण्याचा मक्ता आपल्या हातात घट्ट केला. मग १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवर कायदा आणला, तोही खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांकडे बघून. आपला पालघर तेव्हा ठाण्यातच होता, २०१४ च्या १ ऑगस्टपर्यंत होता. मोहाचे फूल वाळवून भाकरीबरोबर खाल्ले जाते, टंचाईच्या दिवसांत त्यावर घरे जगली आहेत, गुरांनाही ते घालतात. पण सरकारच्या लेखी त्याचा अर्थ एकच, ‘उद्याची दारू’. त्यामुळे जव्हार-मोखाड्याकडच्या वारली-कोकण्यांच्या घरातली टोपलीभर फुले संशयाखाली आली. स्वातंत्र्यानंतरच्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवर बंधने राहिली. ती सैल करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला तो २०२१ मध्ये. फुलाला फूल म्हणायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

स्वतंत्र भारतात हे कुंपण पहिल्यांदा घातले गेले ते एका पारशी गृहस्थाच्या अर्जामुळे. मुंबई दारूबंदी कायदा, म्हणजेच आजचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ चा. त्यात ‘दारू’ची व्याख्या अशी की स्पिरिट, डिनेचर्ड स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी यांच्याबरोबर अल्कोहोल असलेला कोणताही द्रव तिच्यात बसतो. शब्दशः धरले तर कोलन वॉटर दारू, टिंक्चर दारू, होमिओपॅथीच्या गोळ्यांवर टाकायचे थेंबही दारू. एफ. एन. बलसारा यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. व्हिस्की-बिअरबरोबरच औषधी वाइन आणि कोलन वॉटर बाळगण्याचा हक्क त्यांनी मागितला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २५ मे १९५१ रोजी निकाल लागला. दारूबंदीचा कायदा करण्याचा राज्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला, कायद्याचा मोठा भाग टिकला. पण अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने बाळगण्या-वापरण्यावरची बंदी घटनाबाह्य ठरली.

त्यानंतर विधिमंडळाने जे केले ते मला निकालाइतकेच महत्त्वाचे वाटते. १९५२ च्या दुरुस्तीने कलम २४-अ आले: पिण्याजोगी नसलेली औषधे, प्रसाधने, जंतुनाशके, अर्क आणि सरबते यांना ही बंदी लागू नाही. आता पुढचा प्रश्न उभा राहिला. पिण्याजोगे आहे की नाही हे कोण सांगणार? नाक्यावरचा जमादार? त्यावर कलम ६-अ आले. राज्य सरकारने तज्ज्ञांचे मंडळ नेमायचे, त्यात किमान पाच सदस्य. एखादे औषध किंवा अर्क दारू म्हणून वापरण्याजोगा आहे का, यावर मंडळाने सल्ला द्यायचा, तो मिळाल्यावर सरकारने ठरवायचे. आणि सरकारने ठरवले तरी ते अंतिम नाही. उलट सिद्ध होईपर्यंत तसे गृहीत धरायचे, एवढेच. म्हणजे नागरिकाला कोर्टात त्या निर्णयाच्या विरुद्ध पुरावा आणता येतो. अधिकाऱ्यापासून कायद्याचा अर्थ काढून घेतला, तो जाणकारांपुढे ठेवला, आणि सामान्य माणसासाठी दार उघडे ठेवले. मंडळ सरकारच्या मर्जीने नेमले जाते हा त्यातला कच्चा दुवा आहे, पण रचना शहाणी आहे.

दारूच्या दुकानांबाबत असाच बदल बायकांनी घडवला. दुकान गावाला नको असेल तर पूर्वी ग्रामसभेचा ठराव जायचा आणि तो साहेबाच्या टेबलावर पडून राहायचा, कारण ‘लोकांचा विरोध आहे’ म्हणजे किती लोकांचा, हे ठरवणे त्याच्या हाती होते. २००८ च्या आदेशाने तिथेही आकडा आणला. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या निम्मी मते पुरत नाहीत. ही अट जड आहे, मजुरीला गेलेल्या बाईचे न पडलेले मतही दुकानाच्या बाजूने मोजले जाते, आणि ती बदलावी असे माझे स्पष्ट मत आहे. तरी पडून राहणाऱ्या ठरावापेक्षा ती शंभर पटींनी बरी. तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि पालघर तालुक्यातल्या बऱ्याच गावांना तर पेसा कायदा लागू आहे. १९९६ च्या या केंद्रीय कायद्याने मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आणि पंचायतीला दिला, आणि महाराष्ट्राचे पेसा नियम ४ मार्च २०१४ ला आले. दारूबद्दल लोकांनी स्वतः ठरवणे या किनाऱ्याला परके नाही. १९२२ मध्ये वसई-पालघरकडच्या मच्छीमारांत देवीची एक चळवळ उठली आणि गुजरातच्या आदिवासी पट्ट्यापर्यंत पोहोचली. तिच्या हुकमाने हजारोंनी दारू-ताडी सोडली. तेव्हा मतपत्रिका नव्हती.

महामार्गाचे प्रकरण थोडक्यात सांगते, कारण त्यात बोईसरची गंमत नव्हे, गोची झाली. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद केली. ३१ मार्च २०१७ ला २० हजारांपर्यंत वस्ती असलेल्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर झाले. ११ जुलैला खुलासा आला की नगरपालिकांच्या हद्दीला हे लागू नाही. पालघरला नगर परिषद आहे, म्हणून पालघर सुटले. बोईसरची वस्ती २० हजारांच्या कितीतरी पुढे, चाळीमागून चाळी आणि टॉवर, पण कारभार ग्रामपंचायतीचा. कागदावर ते गाव. २३ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने म्हटले की पंचायत हद्दीतला भाग पुरेसा विकसित आहे का, हे राज्याने ठरवावे. ‘पुरेसा विकसित’ म्हणजे काय, ते पुन्हा कुणाच्या तरी टेबलावर गेले. अंतर कसे मोजायचे यावर तर देशभर वाद झाले. केरळात एका बारने दारापर्यंतची वाट लांबवण्यासाठी भिंतींचा चक्रव्यूह बांधला होता. कायद्याने मोजपट्टी दिली आणि ती धरायची कशी हे सांगितले नाही, की असे होते.

आता तारापूरकडे येते, कारण हा लेख मी मुख्यतः त्यासाठी लिहिते आहे. माझे बाबा तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरला होते. औषधांचा कच्चा माल तिथे तयार व्हायचा आणि त्यासाठी स्पिरिट लागायचे. बाकीची रसायने पिंपातून काढायची आणि वापरायची. स्पिरिटचे तसे नव्हते. त्याची खोली वेगळी, कुलूप वेगळे, आणि एक जाड नोंदवही: तारीख, सुरुवातीची शिल्लक, पास क्रमांक, आवक, दिलेला माल, घट, अखेरची शिल्लक. ‘घट’ हा रकाना बाबांची झोप उडवायचा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली स्पिरिट उडून जाते, तापमान वाढले की फुगते, थंडीत आकसते. मोजकाठी सकाळी एक सांगते, दुपारी दुसरे. एका साहेबाला अमुक घट नैसर्गिक वाटायची, त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्याला तेवढीच संशयास्पद. माल तोच, शेड तीच. तपासणीच्या आदल्या रात्री बाबा कंदिलासारखे जागे असायचे. आई म्हणायची, “तुम्ही काय चोरी केलीय का?” ते म्हणायचे, “चोरी केली नाही हे कोणत्या रकान्यात लिहू?”

डिनेचर्ड स्पिरिट म्हणजे पिता येऊ नये म्हणून त्यात कडू किंवा विषारी द्रव्य मिसळलेले स्पिरिट. रंग, वार्निश, औषधे, प्रयोगशाळा अशा कितीतरी ठिकाणी ते लागते. ते दारू आहे का? राज्याचा कायदा म्हणतो, आहे. राज्यघटनेच्या राज्यसूचीतल्या आठव्या नोंदीनुसार ‘मादक द्रव’ राज्याच्या अखत्यारीत येतात. पण उद्योगांचे नियंत्रण संसद आपल्याकडे घेऊ शकते, आणि १९५१ च्या उद्योग कायद्याच्या यादीत किण्वन उद्योग आहेत. या दोहोंमधली रेघ २५ ऑक्टोबर १९८९ ला सात न्यायाधीशांनी आखली. सिंथेटिक्स अँड केमिकल्स या बरेलीच्या रबर कंपनीच्या खटल्यात ते म्हणाले, मादक द्रव म्हणजे पिण्याची दारू. औद्योगिक अल्कोहोलवर राज्याला कर बसवता येणार नाही, ते पिण्यासाठी वळवले जाऊ नये एवढी देखरेख त्याने करावी.

ही रेघ पस्तीस वर्षे टिकली. २३ ऑक्टोबर २०२४ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा मताने ती पुसली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी बहुमताचा निकाल लिहिला: मादक द्रव या शब्दांत औद्योगिक अल्कोहोलही येते, कारण गैरवापराने ते लोकांच्या आरोग्याला घातक ठरू शकते. मात्र सॅनिटायझरसारखी अल्कोहोल असलेली तयार वस्तू त्यात येत नाही. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी विरोधी मत नोंदवले. केवळ गैरवापर होऊ शकतो म्हणून औद्योगिक अल्कोहोलला मादक द्रव म्हणता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

बहुमताच्या निकालामागची भीती मला समजते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्यात मिथेनॉल होते, कारखान्यात लागणारे द्रावक. दिसायला पाण्यासारखे, वासाने साध्या अल्कोहोलपासून वेगळे न ओळखू येणारे. ते शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते, आधी डोळे जातात आणि मग जीव. मेलेले बहुतेक हातावर पोट असलेले होते. पिंप कारखान्यातून निघून गुत्त्यावर पोहोचेपर्यंत मध्ये कोणी तरी डोळा ठेवायलाच हवा, आणि तो डोळा राज्याचाच असणार. तारापूरसारखी वसाहत, शेजारी दमण, गुजरातची दारूबंदी आणि तलासरीवरून जाणारा महामार्ग असलेल्या जिल्ह्यात सैल देखरेख परवडणारी नाही. मी कडक कायद्याच्या बाजूची आहे.

पण कडक कायदा अधिकाऱ्याला मोकळा हात देत नाही, उलट त्याचे काम नेमके करून देतो. २०२४ नंतर राज्याकडे जे नवे क्षेत्र आले आहे, तिथे आज कलम ६-अ पोहोचत नाही. ते औषधे, प्रसाधने, जंतुनाशके आणि अर्क यांच्यापुरते आहे. पुढच्या दुरुस्तीत विधिमंडळाने त्याचा विस्तार औद्योगिक स्पिरिटपर्यंत करावा. मिसळलेले द्रव्य पुरेसे आहे का, मिश्रण पुन्हा पिण्याजोगे करता येईल का, अशा वादांवर मंडळाने ठरावीक मुदतीत मत द्यावे, मंडळात एक रसायनशास्त्रज्ञ आणि एक विषबाधेचा जाणकार डॉक्टर असावाच, आणि मत लेखी, कारणांसह, सर्वांना वाचता येईल असे असावे, म्हणजे पालघरच्या साहेबाचा अर्थ आणि रायगडच्या साहेबाचा अर्थ एक राहील. घटीचे प्रमाण महिना आणि तापमान धरून नियमातच छापावे. त्या प्रमाणात बसणाऱ्या घटीसाठी कुणाच्या गोदामाला सील लागू नये. त्याबाहेर एक लिटर गेला तरी जाब विचारावा. मोठ्या कंपन्यांकडे सल्लागार असतात. अर्थ धूसर असल्याचा भुर्दंड पडतो तो दहा-पंधरा कामगारांच्या युनिटला आणि रजिस्टर लिहिणाऱ्या माणसाला.

नीरेच्या नमुन्यालाही रक्ताच्या नमुन्याइतकाच मान द्यावा. जागेवरच आम्लता मोजणारी साधी पट्टी वापरून तिचा रंग पंचांसमोर लिहावा, बाटलीत किण्वन थांबवणारे रसायन घालावे, एक बाटली परवानाधारकाला द्यावी, आणि नमुना किती दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे ते नियमात सांगावे. यातल्या कशालाही नवे खाते किंवा मोठा पैसा लागत नाही. १९५९ चे नियम समोर आहेत, त्यातली वाक्ये थोडी बदलली की झाले. तसा कच्चा मसुदा मी तयार केला आहे. पालघर बारमधल्या काही तरुण वकिलांनी तो वाचून घटीच्या तक्त्यात दुरुस्त्या सुचवल्या आहेत, आणि त्या घालून तो विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनाआधी आमच्या आमदारांच्या हाती देणार आहे.